पंच्याऐंशी की साठ? नमकीनच्या लाइनवरचा मेटल डिटेक्टर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. इंदूरच्या पालद्याला तुमचा शेव-नमकीनचा मध्यम कारखाना आहे. पॅकिंगनंतर पट्ट्यावर मेटल डिटेक्टर बसवला आहे. त्याचा बोगदा, म्हणजे पाकिटं ज्यातून जातात ती पोकळी, ३५० मिलिमीटर रुंद आणि २०० उंच, पाऊच चकचकीत मेटलाइज्ड फिल्मचे. सेन्सिटिव्हिटी ८५ ठेवली तर तासाला दहा-पंधरा चांगली पाकिटं बाहेर फेकली जातात, त्यातही दुपारी तीननंतर जास्त. ६० वर आणली तर मशीन शांत होतं, पण स्टीलचा २.५ मिलिमीटरचा टेस्ट पीस (मापाची गोळी बसवलेला चाचणीचा तुकडा) सरळ निघून जातो. दोन आठवड्यांनी खरेदीदाराचं ऑडिट आहे. पकडलीच पाहिजे अशा गोळीचे त्याचे आकडे मिलिमीटरमध्ये लोखंड १.५, पितळ २.०, स्टेनलेस २.५ असे आहेत. आणि तुमचा प्रश्न: ‘८५ आणि ६० च्या मध्ये नक्की किती ठेवू?’

मध्ये कुठेही ठेवू नका. म्हणजे ७२ ठेवून दोन दिवस निभावतीलही, पण तुमची अडचण त्या आकड्यात नाहीच. मशीनला काहीतरी ऐकू येतंय. ते काय आहे हे न बघता आपण त्याचे कान किती झाकायचे याची चर्चा करतोय.

मी इंदूरला हे काम वीसेक वर्षं करते आहे. सांवेर रोड, पालदा, पीथमपूर इथल्या कारखान्यांत. शेवेपासून बिस्किटांपर्यंत आणि मसाल्यापासून औषधाच्या गोळ्यांपर्यंत. या काळात ‘सेन्सिटिव्हिटी किती’ असं विचारणारे शेकड्यांनी भेटले. ‘रिजेक्ट झालेली पाकिटं फोडून बघितली’ असं आपणहून सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आधी त्या ८५ बद्दल. या आकड्याला एकक नसतं. ते मिलिमीटर नाहीत, टक्केही नाहीत. एका कंपनीच्या मशीनवर ८५ म्हणजे खूप तीक्ष्ण, दुसरीच्या मशीनवर तेच मध्यम, आणि काही मशीनवर आकडा वाढवला की संवेदनशीलता कमी होते, कारण तिथे तो उंबरठ्याचा, म्हणजे किती मोठ्या सिग्नलपासून ओरडायचं त्याचा, आकडा असतो. म्हणून शेजारच्या कारखान्यातला भाऊ ‘आमच्याकडे १२० वर मस्त चालतं’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. खरं माप एकच: कोणत्या धातूची किती मिलिमीटरची गोळी, तुमच्या मालात, बोगद्याच्या मधोमध, दर वेळी पकडली जाते.

मधोमध हा शब्द मुद्दाम वापरला. हेडच्या, म्हणजे बोगद्याभोवतीच्या पेटीच्या, आत तीन कॉइल (तारेची वेटोळी) असतात. मधली चुंबकीय क्षेत्र तयार करते. तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन कॉइल त्या क्षेत्राला ऐकत असतात आणि एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या असतात, त्यामुळे रिकाम्या बोगद्यात दोघींची बेरीज शून्य येते. धातूचा कण आधी एकीजवळून, मग दुसरीजवळून जातो, तराजू हलतो आणि सिग्नल मिळतो. कॉइल बोगद्याच्या भिंतींलगत गुंडाळलेल्या असल्यामुळे भिंतीजवळ मशीनचा कान सगळ्यात तीक्ष्ण आणि बरोबर मध्यभागी सगळ्यात मंद. टेस्ट पीस पट्ट्याच्या कडेला टाकून ‘बघा ताई, पकडतो’ असं दाखवणारे ऑपरेटर मी खूप पाहिले आहेत. कडेला पकडणारच. तुमच्या ६० वर २.५ चा पीस निघून गेला तो कुठून गेला, आणि ८५ वर पकडला गेला तो कुठून, हे दोन्ही लिहून ठेवलं नसेल तर त्या चाचण्यांची तुलनाच करता येत नाही.

दुसरी गोष्ट गोळीच्या आकाराची. व्यास थोडा कमी झाला की सिग्नल बराच कोसळतो, कारण तो निदान व्यासाच्या घनाच्या हिशेबात बदलतो, स्टेनलेससारख्या धातूत त्याहूनही वेगाने. २ मिलिमीटरच्या जागी १.५ ची गोळी घेतली तर पाव भागाने लहान वाटते, पण सिग्नल ४२ टक्क्यांवर किंवा त्याखाली येतो. म्हणून ‘जरासंच कमी केलं’ हे वाक्य या मशीनच्या बाबतीत फसवं आहे.

आता मशीन काय ऐकतंय ते शोधू. मी ज्या क्रमाने शोधते त्याच क्रमाने सांगते.

सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी मशीन चालू करून अर्धा तास गरम होऊ द्या. मग पट्टा बंद, बोगदा रिकामा, सेन्सिटिव्हिटी तुमचीच ८५. पॅनेलवरचा सिग्नलचा पट्टा शांत आहे का बघा. शांत नसेल तर दोष मालात नाही, आसपास आहे. मग रिकामा पट्टा चालवा. आता उसळी येत असेल तर पट्टाच तपासायचा. सांध्यात धातूची क्लिप आहे का, पट्ट्याच्या विणीत लोखंडाचा कीस अडकलाय का, रोलर घासतोय का. उसळी दर फेरीला ठरावीक वेळाने येत असेल तर पट्ट्यावर खडूने खूण करा, पाच मिनिटांत जागा सापडते. त्यानंतर एकेक करून बाकीची मशीनं चालू करा: पाऊच मशीन, मसाल्याचा ड्रम, शेजारचा एलिव्हेटर. मोटरच्या ड्राइव्हची (वेग बदलणाऱ्या यंत्राची) केबल आणि डिटेक्टरची केबल एकाच ट्रेमधून नेलेली असणं हा आपल्याकडचा फार जुना आजार आहे. इलेक्ट्रिशियनला ते नीटनेटकं दिसतं, डिटेक्टरला त्यात सतत कुरकुर ऐकू येते. केबल वेगळी काढा, आणि अर्थिंग मीटर लावून तपासा. हिरवी तार दिसली म्हणजे अर्थिंग झालं असं होत नाही.

एका ठिकाणी मी दोन दिवस डोकं फोडलं होतं. रिकाम्या पट्ट्यावर मशीन शांत, माल सुरू झाला की गोंधळ, आणि चहाच्या सुट्टीत माल चालू असूनही पुन्हा शांत. शेवटी स्टूल घेऊन तिथेच बसले. पॅकिंगचं स्टीलचं टेबल कन्व्हेअरच्या फ्रेमला टेकवून ठेवलं होतं. त्यावर क्रेट आपटलं की टेबल फ्रेमला लागायचं, उचललं की सुटायचं. धातूचा असा बंद फेरा जुळला-तुटला की त्यात फिरणारा प्रवाह बदलतो आणि डिटेक्टरला वाटतं खिळा गेला. टेबल एक फूट मागे घेतलं, काम संपलं. सैल बोल्ट, ढिलं गार्ड, फ्रेमला लटकवलेली चावी, सगळे याच जातीचे. हेडच्या दोन्ही बाजूंना स्थिर धातू बोगद्याच्या उंचीच्या दीडपट आणि हलता धातू दुप्पट लांब असावा, हा चालू नियम. तुमच्या २०० उंचीला म्हणजे ३०० आणि ४०० मिलिमीटर. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो माना.

हलत्या धातूत माणसंही आली. पाकिटं पट्ट्यावर सरळ करणाऱ्या बाईच्या हातात धातूच्या बांगड्या असतील आणि तिचा हात बोगद्याच्या तोंडापर्यंत जात असेल, तर दोष पाकिटाच्या नावावर जमा होतो. काचेच्या बांगडीचा सिग्नल येत नाही, पण ती फुटण्याचा धोका वेगळाच, तेव्हा पॅकिंगमध्ये दोन्ही नकोत. तुमचा त्रास दुपारी तीननंतर वाढतो असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला प्रश्न: तीनला पाळी बदलते का? पट्ट्याशी उभं कोण राहतं? त्याच्या खिशात मोबाइल किंवा गुटख्याची फॉइलची पुडी असते का? हे विचारायला संकोच वाटतो, पण मी तीन वेळा अशी पुडीच पकडली आहे.

दुसरा प्रश्न: तीननंतर माल कोणता चालतो? नमकीनवाल्यांकडे बहुतेक सकाळी साधी शेव निघते आणि दुपारी मसाल्याचे प्रकार. तुमच्याकडेही तसंच असेल, तर आता प्रश्नाच्या गाभ्याशी आलो.

खाण्याचा माल स्वतःही थोडा सिग्नल देतो. ओलावा आणि मीठ एकत्र आले की माल वीज वाहतो, म्हणून लोणचं, रसगुल्ला, खमण यांचा आवाज मोठा. तळलेली कोरडी शेव त्यामानाने मुकी असते. तेल वीज वाहत नाही आणि पाणी उडून गेलेलं असतं. पण माल गरम असताना वेगळा बोलतो, थंड झाल्यावर वेगळा. कढईतून निघून नीट न निवता पॅक झालेला घाणा आणि रात्रभर पिंपात राहिलेला घाणा मशीनला दोन निरनिराळे पदार्थ वाटू शकतात. पावसाळ्यात माल उघडा राहून हवेतली ओल धरतो, तो तिसरा.

मशीनला माल ‘शिकवताना’ ते सिग्नलच्या दोन बाजू बघतं: किती मोठा आहे आणि कोणत्या कोनातला आहे. स्क्रीनवर आडवातिडवा काकडीसारखा आकार दिसतो, तो तुमच्या मालाचा. फेज बसवणं म्हणजे ही काकडी आडवी झोपवणं, म्हणजे मशीन ज्या दिशेने उंची मोजतं त्या दिशेला मालाची उंची दिसत नाही आणि धातूची दिसते. यात गोम अशी की ओल्या-खारट मालाचा कोन आणि स्टेनलेसच्या बारीक कणाचा कोन बरेच जवळजवळ असतात. माल लपवताना स्टेनलेसही थोडं लपतं. चुंबकाला न चिकटणारं आणि वीजही फारशी न वाहणारं हे स्टील तसंही सगळ्यात कठीण, म्हणून खरेदीदाराच्या आकड्यांत लोखंडाला १.५ आणि स्टेनलेसला २.५ असा फरक असतो.

मसाल्याच्या मालात मात्र वेगळीच शंका घ्यायला हवी. तिखट, धने, जिरावणाचा मसाला पल्व्हरायझरमधून, म्हणजे दळायच्या मशीनमधून, येतो. हातोड्या आणि जाळ्या झिजतात, आणि ती झीज मसाल्यात जाते. पन्नास ग्रॅम मसाला कागदावर पसरा, खालून जोरदार चुंबक फिरवा. कागदावर काळ्या केसांसारखी मिशी उभी राहिली, तर तुमची ‘चांगली’ पाकिटं चांगली नाहीत. मशीन खोटं बोलत नाहीये, ते लोखंडाच्या धुळीवर ओरडतंय. आणि अशाच पाकिटांवर कुणी मशीनला माल शिकवला असेल तर आणखी वाईट: मशीन लोखंडाची धूळ म्हणजेच नमकीन असं समजून त्या दिशेला बहिरं होतं. शिकवण्याची पाकिटं आधी उघडून, चुंबक फिरवून, हाताने पुन्हा भरलेली घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण एका मालाला एकदाच करायचं असतं.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण तुम्ही त्याच वाटेवर उभे आहात. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं, दिवाळीच्या आधीचा आठवडा, गाड्या दारात. ऑपरेटर धावत आला, “दीदी, मशीन पगला गई है.” मीही बघितलं, पाकिटामागून पाकीट बाहेर. मालक मागे उभे. मी चार पायऱ्या कमी केलं, मशीन गप्प झालं, सगळे खूश, मला कचोरीही मिळाली. संध्याकाळी सहज रिजेक्टचा डबा घेऊन बसले आणि पाकिटं थाळीत ओतली. दोन पाकिटांत पितळेचे नखाएवढेही नसलेले कीस. शेव पाडायची नवी जाळी त्याच सकाळी बसवली होती. भोकांच्या कडा नीट घासलेल्या नव्हत्या, पहिल्या काही घाण्यांत कीस सुटला होता. मशीन सकाळपासून तेच सांगत होतं. सुदैवाने त्या दिवसाचा माल अजून गोदामातच होता. रात्रभर सगळा पुन्हा डिटेक्टरमधून काढला. तेव्हापासून नवी जाळी आली की ती धुऊन, घासून, पहिला घाणा बाजूला काढून मगच लाइनवर जाते, असा मी प्रत्येक कारखान्यात आग्रह धरते.

म्हणून तुमच्याकडे आत्ता रिजेक्टच्या डब्यात जे आहे ते टाकू नका. तीच पाकिटं तीनदा फिरवून ‘तिसऱ्यांदा पास झालं, पाठवून दे’ असंही करू नका. पुन्हा फिरवायचं ते तपासासाठी, सोडण्यासाठी नाही. आडवं, उभं, उलटं फिरवा. कोणत्या बाजूने पकडलं जातं ते बघा, मग पाऊच कापून माल पांढऱ्या थाळीत पसरा, चुंबक फिरवा, आणि रिकामा पाऊचसुद्धा एकटा पट्ट्यावरून सोडा.

रिकामा पाऊच का, तर तुमची फिल्म. मेटलाइज्ड फिल्मवरचा ॲल्युमिनियमचा थर मायक्रॉनच्या काही शतांशांइतका पातळ असतो, त्यामुळे त्यातून डिटेक्टर चालवता येतो. खऱ्या ॲल्युमिनियम फॉइलचा पाऊच असता, जी सहा-सात मायक्रॉन किंवा त्याहून जाड असते, तर हे मशीन निरुपयोगी होतं. तिथे फक्त लोखंड पकडणारं वेगळं तंत्र लागतं. पण मेटलाइज्डसुद्धा फुकट पडत नाही. तिचा आवाज दाबण्यासाठी फ्रीक्वेन्सी (चुंबकीय क्षेत्र सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतं ते) खाली आणावी लागते, आणि स्टेनलेस तर वरच्या फ्रीक्वेन्सीला चांगलं सापडतं. शिवाय सील दुमडलं, हवा कमीजास्त भरली, पाऊच तिरका पडला की आवाज पाकिटागणिक बदलतो. माझा अंदाज असा की तुमच्या गोंधळाचा एक मोठा हिस्सा इथे आहे. तो खरा की खोटा ते ठरवायला तोच माल साध्या पारदर्शक पिशवीत भरून वीस पाकिटं फिरवा आणि सिग्नलची उंची लिहा. मग वीस रिकामे मेटलाइज्ड पाऊच फिरवा. कोण किती बोलतंय ते एका तासात कळेल. यासाठी कुणा इंजिनिअरला बोलवायची गरज नाही.

पाऊचच बोलत असेल तर सर्वांत चांगला उपाय डिटेक्टर पॅकिंगच्या आधी नेण्याचा. मोठ्या कारखान्यांत वजनाचं मशीन आणि पाऊच मशीन यांच्यामध्ये गोल गळ्याचा डिटेक्टर बसवतात, माल वरून पडतानाच तपासला जातो. गळा लहान असल्यामुळे कानही तीक्ष्ण. पण तो वेगळा खर्च आहे, आणि तिथे उंचीची जागा लागते. मध्यम कारखान्याला दुसरा मार्ग परवडतो: सध्याचंच मशीन पॅकिंगच्या आधी, सुट्या मालाच्या पातळ थरावर. त्यात एका कणामागे थोडा जास्त माल वाया जातो आणि पॅकिंगमध्ये नंतर काही पडलं तर ते सुटतं, म्हणून काही खरेदीदार शेवटचं बंद पाकीटच तपासायला सांगतात. हे त्यांना विचारूनच ठरवा. दोन आठवड्यांत मशीन हलवू नका. हलवलेलं मशीन स्थिरावायला, शिकवायला आणि तपासायला वेळ लागतो. ऑडिटच्या आदल्या रात्री घाईत बसवलेल्या मशीनने भल्याभल्यांची फजिती केली आहे.

तोपर्यंत आहे त्या जागी सेटिंग असं करा. पट्ट्याचा खरा वेग टेप आणि घड्याळ लावून मोजा, आणि मशीनमध्ये भरलेला वेग तोच आहे का बघा. ड्राइव्हवरून पट्टा वाढवला आणि डिटेक्टरला कळवलंच नाही, असं सर्रास होतं. मशीन ठरावीक वेगाच्या सिग्नललाच कान देतं, त्यामुळे पकडही बिघडते आणि फेकणारा हातही चुकीच्या पाकिटाला मारतो. मग प्रत्येक मालाचा वेगळा प्रोग्रॅम करा. साध्या शेवेवर बसवलेला प्रोग्रॅम मसाला दाण्यावर चालवू नका. तुमचा तीन वाजताचा त्रास इतक्याने मिटला तर मला आश्चर्य वाटणार नाही. स्वच्छ पाकिटांवर, प्रत्यक्ष पॅक होतानाच्या तापमानाला शिकवा. त्यानंतर स्वच्छ अशी निदान शंभर पाकिटं जाऊ द्या आणि त्यांचा सर्वांत मोठा सिग्नल लिहा. उंबरठा मी त्या सिग्नलपेक्षा पाव ते तृतीयांशाने जास्त ठेवते. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. फार स्थिर मालाला याहून जवळ जाता येतं.

आता टेस्ट पीस. पाकिटाच्या मधोमध चिकटवून, पाकीट पट्ट्याच्या मध्यभागी, प्रत्येक गोळी दहा वेळा. दहापैकी दहा हव्यात. नऊ म्हणजे नापास, कारण ज्याचा सिग्नल उंबरठ्याला जेमतेम टेकतो ते उद्या थंड सकाळी टेकणार नाही. पुढे पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला पीस लावून बघा, फेकण्याची वेळ बरोबर आहे का. आणि दोन पाकिटं लागोपाठ पीस लावून सोडा. पुष्कळ मशीनं पहिलं फेकतात आणि दुसऱ्याला जाऊ देतात, कारण फेकणाऱ्या हाताला लागणारा हवेचा दाब भरून यायला वेळ लागतो.

समजा, लोखंड आणि पितळ दहाला दहा, आणि स्टेनलेस २.५ मात्र सहा-सात वेळाच. इथे आकड्याला हात लावायचा मोह होईल. लावू नका. आधी फ्रीक्वेन्सी, थराची उंची, पाऊच सपाट पडतो का, बोगदा गरजेपेक्षा मोठा आहे का, हे बघा. तुमचं पाकीट आडवं पडून सत्तर-ऐंशी मिलिमीटर उंच असेल तर २०० उंचीचा बोगदा म्हणजे कबुतरासाठी बांधलेला गजशाळेचा दरवाजा. पुढचं मशीन घेताना उंची १२० च्या आसपास बघा. एवढं करूनही २.५ स्थिरपणे येत नसेल, तर खरेदीदाराला खरं ते लिहून कळवा: या पाऊचमध्ये, या मशीनवर, स्टेनलेस ३.० दहाला दहा, आकडे सोबत. २.५ वरून ३.० वर गेलं की सिग्नल किमान पावणेदोन पट होतो, त्यामुळे खोट्या रिजेक्टशिवाय चालण्याइतकी फट मिळते. लिहून दिलेल्या चाचण्यांसह आलेला ३.० समंजस ऑडिटर ऐकून घेतो, कागदावर २.५ आणि पट्ट्यावर भलतंच, हे कुणीच घेत नाही. हे आकडे बहुतेक वेळा खरेदीदाराचे असतात, त्यामुळे बोलणी होऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात कठीण-धारदार वस्तूंसाठी ७ ते २५ मिलिमीटर हा पट्टा धोक्याचा धरला आहे. त्याचा अर्थ सात मिलिमीटरपर्यंत सूट आहे असा कुणी लावू नये, पण अडीच की तीन यावर रात्रीची झोप उडवण्याचंही कारण नाही.

झोप उडवायचीच असेल तर तारेवर उडवा. टेस्ट पीस गोळीचा असतो, पण आपल्या कारखान्यांत तुटतं काय? बेसनाच्या चाळणीची तार, कढई घासायच्या स्टीलच्या काथ्याचा धागा. अर्ध्या मिलिमीटर जाडीची तार दोन सेंटिमीटर लांब असली तरी चुकीच्या दिशेने गेली तर सुटू शकते. लोखंडी तार पट्ट्याच्या दिशेने लांब पडली तर चटकन सापडते, आडवी पडली तर अवघड. स्टेनलेस आणि पितळेच्या तारेचं नेमकं उलट. पाकिटात तार कशी पडेल हे आपल्या हातात नाही. हातात आहे ते एवढंच: चाळणी रोज उजेडात धरून बघणं, बेसनाच्या वाटेत चुंबकाच्या सळ्या बसवून त्या रोज पुसणं, आणि काथ्या कारखान्यातून कायमचा हद्दपार करणं. चुंबक स्टेनलेसला उपयोगी नाही, पण लोखंडाची धूळ तो आधीच ओढून घेतो आणि डिटेक्टरचं काम हलकं करतो.

टेस्ट किती वेळाने घ्यायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ऑडिटर विचारणारच. हिशेब सरळ आहे. मिनिटाला ४० पाकिटं निघत असतील तर तासाला २,४००. टेस्ट नापास झाली की मागच्या पास टेस्टपासूनचा सगळा माल अडवायचा. तासाला टेस्ट घेतली तर २,४०० पाकिटं पुन्हा फिरवायची, चार तासांनी घेतली तर ९,६००. किती पाकिटं पुन्हा फिरवायची तुमची तयारी आहे, त्यावर अंतर ठरवा. मालकांना हा हिशेब दाखवला की ते स्वतःच ‘तासाला घ्या’ म्हणतात. याशिवाय पाळीच्या सुरुवातीला, शेवटी आणि माल बदलला की लगेच. रिजेक्टचा डबा कुलूपबंद, किल्ली क्वालिटीवाल्याकडे. सेटिंगला पासवर्ड, आणि तो पॅनेलच्या मागे चिठ्ठीवर लिहून चिकटवायचा नाही. (हसू नका, मी अशाच चिठ्ठ्या वाचून काम चालवलेलं आहे.)

तर उद्या सकाळी एवढंच करा: रिकामं मशीन, रिकामा पट्टा, रिकामे वीस पाऊच, पारदर्शक पिशवीतली वीस पाकिटं, मसाल्याखालून चुंबक. पहिल्या चारही वेळचा सिग्नल आणि चुंबकाला काय लागलं ते कागदावर, शेजारी वेळ आणि त्या वेळी चालू असलेल्या मशीनांची नावं. तीन वाजता पट्ट्याशेजारी स्वतः स्टूल टाकून बसा. ते आकडे आणि मशीनवरचे फेज, फ्रीक्वेन्सीचे आकडे मला कळवलेत तर पुढे काय हलवायचं ते नेमकं सांगता येईल. तोपर्यंत सेन्सिटिव्हिटी ८५ वरच राहू द्या. तासाला दहा-पंधरा पाकिटं वाया जातील ती जाऊ देत, आणि ६० वर जितका माल निघाला असेल तो अजून गोदामात असेल तर आजच बाजूला काढून ठेवा.